सुवार्ता सांगायची, पण कारण सांगायचं नाही?

गावठाणवाला

मंडळी, प्रश्न खरं तर आमच्या घरातला आहे. पण घरात काढला की "सोड ना, जेवून घे" एवढंच उत्तर मिळतं, म्हणून इथे काढतोय. काड्या टाकणाऱ्यांचंही स्वागत, फक्त पूर्ण वाचून टाका.

मी ईस्ट इंडियन कॅथलिक. (गोवेकर नाही. दर वेळी सांगावं लागतं. आमच्या लोकांनी हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलं, ते गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे हे सरकारदरबारी कळावं म्हणून. आम्ही मुंबई-साष्टीचेच, घरात मराठी बोलतो.) मुंबईत आमच्या शाळा आहेत, इस्पितळं आहेत, वृद्धाश्रम आहेत. ख्रिस्ती का व्हावं, हे मात्र आम्ही कुणालाही सांगत नाही. माझं म्हणणं, सांगायला हवं. उघड, सरळ, समोरच्याला खोडता येईल अशा भाषेत.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमधली बुधवारची नोव्हेना (मागणं मागायची खास प्रार्थना) सगळ्यांना माहीत असेल. १९४८ पासून चालू आहे. बाहेर फुटपाथवर मेणाची घरं, मेणाची बाळं, मेणाचे हात-पाय विकायला असतात. ज्याला जे हवं ते घेऊन रांगेत लागायचं. रांगेत कुंकू लावलेल्या बायका असतात, बुरखेवाल्या असतात, गळ्यात माळ घातलेले काका असतात. एकदा पावसात आमच्या पुढे एक मावशी होत्या, हातात मेणाचं घर, त्यावर प्लास्टिकची पिशवी. मुलाला म्हाडाची लॉटरी लागू दे म्हणून आल्या होत्या. रांग हलेना, म्हणून त्यांनी माझ्या मावसभावाला विचारलं, "काय रे बाळा, तुमचा देव क्रूसावर मेला ना? मग तो देव कसा?"

मावसभाऊ म्हणाला, "देव सगळे सारखेच हो मावशी."

मावशी म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. मी दुसरं विचारलं."

दोन हजार वर्षं ज्या प्रश्नावर डोकेफोड झाली तो प्रश्न बाईंनी भर रांगेत विचारला, आणि आमच्याकडून त्यांना मिळाला सुविचार. मावसभाऊ काही अडाणी नाही. चर्चच्या युवा गटात होता, गिटार वाजवतो, पुरात पाकिटं वाटायला पुढे असतो. पण त्याला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. आम्हा मुंबईच्या बहुतेक कॅथलिकांचं तेच आहे. ईस्ट इंडियन घ्या, गोवेकर घ्या, मंगळुरी घ्या, श्रद्धा आडनावाबरोबर आली. चारशे वर्षांपूर्वी कुणा पूर्वजाने निर्णय घेतला (किंवा त्याच्यासाठी कुणी घेतला, ते इथे निघणारच आहे), पुढच्यांना कारण शोधायची गरजच पडली नाही.

बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात पंधरावी ओळ आहे : तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, आणि ते सौम्यपणे, आदराने द्या. लोक "सौम्यपणे" तेवढं पाठ करतात आणि "कारण" गाळतात.

आता मुख्य मुद्दा. आमच्यावर आरोप काय होतो? आमिष दाखवून बाटवतात. या आरोपाला आम्ही काय उत्तर देतो? "नाही हो, आम्ही फक्त सेवा करतो, धर्माचं बोलतच नाही." हे उत्तर मला घातक वाटतं. कारण धर्माचं बोललंच नाही आणि तरी एखादा ख्रिस्ती झाला, तर बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? काहीतरी दिलं असणार. कारण सांगितलं असेल तर त्याची छाननी करता येते, चारचौघांत वाद घालता येतो, नाकारता येतं. आमिषाशी वाद घालता येत नाही, ते फक्त घेता येतं.

मुंबईला हे नवीन नाही. १८५७ साली याच शहराच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माच्या बाजूने विष्णुबावा ब्रह्मचारी आणि समोर मिशनरी, असे समोरासमोर उभे राहून वाद घालत होते, लोक ऐकायला जमत होते. परमहंस सभेत (जातिभेद न मानणाऱ्यांची गुप्त मंडळी) वावरलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आत्मचरित्रात पायरी-पायरीने लिहिलं की का घेतला. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली इथे मुंबईत घेतला. पण हे सगळे प्रोटेस्टंट. आमच्याकडे फादर स्टीफन्स होते. जन्माने इंग्रज, १५७९ ला गोव्यात आले, १६१६ साली तिथल्याच रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं, मराठी ओव्यांत. त्याच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी वाचायला काय देता? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून हजारो ओव्या लिहिल्या गेल्या. आज आपण फॉरवर्ड पाठवतो.

तर, कॅथलिकांनी कारणं द्यावीत का? आणि इतरांना विचारतो, दिली तर तुम्हाला चालेल का?


पॉपकॉर्नवाला

जागा धरून ठेवतो. प्रतिसादांचं शतक नक्की.


शंकासूर

गावठाणवाले, लिहिलंय छान. पण ज्याला तुम्ही उणीव म्हणता ती या शहराची सोय आहे. माझ्या मजल्यावर एक जैन, एक बोहरी, एक कॅथलिक. "माझंच खरं का" हे कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून लिफ्टची वर्गणी वेळेवर जमते. उद्या शेजारी मला कारणं द्यायला लागला तर त्याचा अर्थ एकच : माझी आजी जन्मभर चुकीच्या देवापुढे बसली.

दुसरं, स्टीफन्सला टाळ्या वाजवण्याआधी तारखा लावून बघा. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं १५६० ला. त्याच दशकात गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली देवळं पाडली गेली. पुराण आलं १६१६ ला. आधी देऊळ पाडायचं, पोथ्या बंद करायच्या, आणि दोन पिढ्यांनी गोड मराठीत कारण सांगायचं. तुमचा तो ब्राह्मण प्रश्न विचारत नव्हता हो, तक्रार करत होता.

आणि विहिरीत पाव टाकून गावं बाटवली, ही गोष्ट वसईपासून कुलाब्यापर्यंत प्रत्येक आजीला पाठ आहे.


गावठाणवाला

शंकासूर, १५६० चं समर्थन मी करणार नाही. तो ब्राह्मण तक्रार करत होता हेही खरं, पण ती तक्रार पाद्रीने स्वतःच्या पुस्तकात पहिल्याच प्रसंगात छापली. दडपता आली असती.

विहिरीची गोष्ट मात्र नीट बघा. पाव टाकणाऱ्याने कारण दिलं नाही. आणि पाणी प्यायलेल्यांना ज्यांनी वाळीत टाकलं त्यांनीही विचारलं नाही की बाबांनो, तुम्ही मानता काय. दोन्हीकडे धर्म म्हणजे पोटात काय गेलं. आमच्या कायद्याने तसा कुणी ख्रिस्ती होतच नाही. प्रौढाला स्वतःची इच्छा सांगावी लागते, शिकावं लागतं, काही काळ त्या वाटेने जगून दाखवावं लागतं, मगच बाप्तिस्मा.

आजीबद्दल : तुम्ही या संस्थळावर वर्षानुवर्षं "देव नाही" हे पटवून देताय. त्या हिशेबाने माझी आजीही चुकली. मला कधी राग आला नाही. मग हा हक्क फक्त नास्तिकांना का?


पॉपकॉर्नवाला

खीक्.


मालवणी_मसाला

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. आठवड्यातून काही तासांना वर्ग दोन भागांत फुटायचा. कॅथलिक मुली कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाला), आम्ही उरलेल्या मॉरल सायन्सला. त्यांना येशू शिकवायचे, आम्हाला खरं बोलावं, रांग मोडू नये, झाडं लावावीत. भिंत एकच, पलीकडून गाणी ऐकू यायची. इतकी वर्षं त्या शाळेत राहून ख्रिस्ती लोक नक्की काय मानतात हे मला सिस्टरांपैकी कुणीही सांगितलं नाही.

आणि त्याबद्दल मी आभारी आहे, हे आधीच सांगते. सांगितलं असतं तर पप्पांनी दुसऱ्या दिवशी नाव काढलं असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलीला शाळेत बाई जे सांगतील ते खरंच वाटतं. तिथे कारण देणं आणि दडपण आणणं यात फरक करायचा कसा?

पण आता मी मोठी आहे. आता कुणी सांगितलं तर ऐकेन. पटेल असं नाही. नुसतं ऐकेन. तर आता कुणी सांगत नाही.


झोळीवाला

मी काही वर्षं सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या शाळेत) काढली, मग बाहेर पडलो. त्यामुळे आतून थोडं बोलतो.

गावठाणवाले, तुम्ही म्हणता तो मार्ग आमच्याकडे होऊन गेला. जुन्या कॅटेकिझमच्या पुस्तकात प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर. देव आहे याचे पाच पुरावे, खरी ख्रिस्तसभा (म्हणजे चर्च) ओळखायच्या चार खुणा. पाठ करून लोक पास झाले, प्रेमात कुणी पडलं नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ च्या पत्रात स्पष्ट म्हटलं की आजचा माणूस शिक्षकापेक्षा साक्षीदाराचं जास्त ऐकतो, आणि शिक्षकाचं ऐकलंच तर तो साक्षीदार आहे म्हणून. पोप बेनेडिक्ट २००७ साली ब्राझीलमध्ये म्हणाले की ख्रिस्तसभा लोकांना ओढून वाढत नाही, आकर्षणाने वाढते. कोलकात्यात मदर तेरेसांनी मरणाऱ्याच्या उशाशी बसून युक्तिवाद केला नाही.

एका मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) एक माणूस मागच्या बाकावर येऊन बसतो आणि त्याला शांत वाटतं. त्याला तुम्ही काय, पुरावे देणार?


गावठाणवाला

झोळीवाले, तुम्ही म्हणता ते वाक्य त्या पत्राच्या ४१ व्या परिच्छेदात आहे. त्याच पत्राचा २२ वा परिच्छेदही वाचला असेलच. तिथे तेच पोप म्हणतात की साक्ष कितीही सुंदर असली तरी तिचा खुलासा केला नाही, तिला कारणाचं पाठबळ दिलं नाही, तर ती शेवटी निष्प्रभ ठरते. आणि तिथे ते पेत्राच्या त्याच ओळीचा हवाला देतात. ४१ वा सगळ्यांना पाठ, २२ वा कुणालाच नाही.

मागच्या बाकावरच्या माणसाला शांत वाटलं, फार छान. माहीमच्या दर्ग्यातही वाटतं. विपश्यनेतही वाटतं. बाहेर पडताना त्याने विचारलं की हे खरं आहे का, तर? "शांत वाटतं ना, बस" असं सांगून त्याला परत पाठवणं मला त्याचा अपमान वाटतो. तो विचार करू शकतो हे आपण धरूनच चालत नाही. आदिवासीला समजणार नाही, झोपडपट्टीतल्या बाईला समजणार नाही, त्यांना फक्त प्रेम द्या. माहीमच्या त्या मावशींना तर बरोबर समजत होतं!


कोर्टकचेरी

वकील आहे म्हणून तेवढंच बोलते.

घटनेच्या २५ व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा त्याच निकालाने टिकला. निकालावर टीका भरपूर झाली, मलाही तो सगळा पटत नाही. पण त्या चौकटीतही समजावून सांगणं हाच भाग निर्विवाद सुरक्षित आहे. म्हणजे धागाकर्ते जे करा म्हणतात ते सगळ्यात कायदेशीर. धान्याची पिशवी देऊन गप्प बसणं जास्त अडचणीचं.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. शिखांना १९५६ ला त्यात घेतलं, बौद्धांना १९९० ला, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. आमिषाची चर्चा करताना हा उलटा हिशेबही मांडा. मुलाची फी आणि नोकरीतली जागा पणाला लावून कुणी ख्रिस्ती होत असेल तर त्याच्याकडे काहीतरी कारण असणार. ते त्याला बोलता यायला हवं, नाहीतर पिशवीचाच संशय राहतो.


निळी_पहाट

जय भीम.

कारण देऊन धर्म बदलायचा म्हणजे काय, हे मुंबईने ३१ मे १९३६ ला दादरला ऐकलंय. बाबासाहेबांनी महार परिषदेत तासन् तास मांडणी केली. संसाराच्या बाजूने का बदलायचा, अध्यात्माच्या बाजूने का बदलायचा, दोन्ही. येवल्याची घोषणा १९३५ ची, नागपूरची दीक्षा १९५६ ची. मधली एकवीस वर्षं काय चाललं होतं? तपासणी. त्या तपासणीत तुमचा धर्मही होता, गावठाणवाले. आणि तो घेतला गेला नाही. कारणं द्यायची म्हणता ना, मग हेही लक्षात ठेवा की कारणं उलटी पण फिरतात.

जात चर्चच्या दाराबाहेर राहते का? दक्षिणेत दलित ख्रिस्त्यांची दफनभूमी वेगळी असल्याच्या बातम्या वाचल्यात. इथे मुंबईत लग्नाच्या जाहिराती बघा. समतेचं कारण देणार असाल तर आधी घर साफ करा.


गावठाणवाला

निळी_पहाट, जय भीम. याला माझ्याकडे पळवाट नाही. आमच्या बिशपांच्या परिषदेनेच २०१६ साली दलितांविषयी धोरण काढताना चर्चमध्ये भेदभाव होतो हे कबूल केलंय. जाहिरातींबद्दल तर बोलायलाच नको, आमच्यात घराणं बघतात ते वेगळंच.

म्हणूनच "आमच्यात समता आहे, या" हे कारण मी कुणाला देणार नाही. ते खोटं ठरतं, आणि खरं असतं तरी एवढ्यासाठी ख्रिस्ती व्हावं असं नाही. येशू मेलेल्यांतून उठला की नाही, यावर सगळं टिकतं किंवा पडतं. येशूचा प्रेषित पौल, त्याने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात स्पष्ट लिहिलंय, तो उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ. स्वतःच्या धर्माचा एवढा मोठा धोका स्वतःच लिहून ठेवलाय. दादरच्या त्या भाषणातून आम्ही शिकण्यासारखं हेच की लोकांना मांडणी ऐकायला बसवता येतं. आम्हाला वाटतं, बसणार नाहीत.


मसाल्याची_बरणी

कुणी ईस्ट इंडियन आहे म्हणून विचारते, बॉटल मसाला यंदा कुठे मिळेल? वांद्र्याला आमची बाई करायची ती आता करत नाही.


संपादक

अवांतर प्रतिसाद खाद्यपदार्थांच्या धाग्यावर हलवत आहोत. धाग्याचा विषय गंभीर आहे, कृपया भान ठेवा. (उत्तर मिळालं तर आम्हालाही कळवा.)


दावा_नाकारला

बराच वेळ वाचत होतो. जन्माने हिंदू, दादरच्या चाळीतला, आता कॅथलिक. लग्नासाठी नाही, बायको अजूनही हिंदूच आहे आणि गणपती आमच्याकडे दीड दिवसाचा बसतो. आईच्या भाषेत सांगायचं तर "बाटलेला".

माझं काम मोटार विम्याचे दावे तपासण्याचं. आयुष्य जबाब वाचण्यात गेलं. घोटून आणलेला जबाब वासावरून कळतो : सगळ्यांची वाक्यं सारखी, वेळ मिनिटापर्यंत जुळलेली आणि सांगणारा स्वतः नेहमी शहाणा. खरा अपघात असला की कुणी म्हणतं रिक्षा डावीकडून आली, कुणी म्हणतं उजवीकडून. पण ट्रकने धडक दिली यावर सगळे ठाम. आणि खरं बोलणारा मधेच असं काही सांगून जातो जे त्याच्याच अंगाशी येतं.

एका सहकाऱ्याने मार्कचं शुभवर्तमान दिलं. छोटंसं आहे, चर्चगेट-विरार एका फेरीत संपतं. त्यात पेत्र, म्हणजे पुढे ज्याला हे लोक पहिला पोप मानतात तो, येशूला पकडल्यावर एका मोलकरणीला घाबरून "मी त्याला ओळखत नाही" म्हणतो. तीनदा. शिष्य पळून जातात. रिकामी कबर पहिल्यांदा दिसते ती बायकांना, ज्यांच्या साक्षीला त्या समाजात फारसं वजन नव्हतं. मी वाचता वाचता थांबलो. बनवून लिहायचं असतं तर असं कुणी लिहिलं असतं? नेता भित्रा, कार्यकर्ते फरार आणि साक्षीदार असे की कोर्टात उभे राहणार नाहीत.

यावरून मी लगेच ख्रिस्ती झालो नाही. एवढ्याने कुणी होत नाही. पण फाइल बंद करता येईना.

मग चर्चमध्ये जाऊन विचारलं. प्रौढांना बाप्तिस्म्याआधी शिकवतात तो वर्ग लावला, हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेले दोन कॅरम बोर्ड. आम्ही मोजकेच लोक. फादर पहिल्याच दिवशी एकेकाला विचारत गेले, "का?" माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, लग्न आहे. फादर म्हणाले, त्यासाठी ख्रिस्ती व्हायची गरज नाही, परवानगीचा अर्ज असतो, मी भरून देतो. मुलगा पुढच्या आठवड्यापासून आला नाही, लग्न मात्र चर्चमध्येच झालं. एका बाईंनी सांगितलं, नवसाला मूल झालं. त्यांना म्हणाले, मूल आजारी पडलं तर सोडून जाल का? तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. नंतर कळलं की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या बिशपांच्या सभेच्या) १९६५ च्या दस्तऐवजातच तसा नियम आहे : येणाऱ्याचा हेतू तपासा, गरज पडली तर शुद्ध करा. सक्ती आणि भुलवणं दोन्हीला मनाई, त्याच परिच्छेदात.

वर्षभर चाललं. बाप्तिस्मा ईस्टरच्या आदल्या रात्री. झोळीवाले म्हणतात ती शांती मला नंतर मिळाली, आणि मिळाली नसती तरी मी राहिलो असतो असं वाटतं. कारण मी शांतीसाठी गेलो नव्हतो.


शंकासूर

दावा_नाकारला, आयडीच आवडला. पण एक व्यावसायिक आक्षेप. तुम्ही ज्यांना वेगवेगळे जबाब म्हणताय ते वेगवेगळे नाहीत. मत्तय आणि लूक यांनी मार्कमधून उतरवून घेतलंय, हे ख्रिस्ती अभ्यासकच सांगतात. आणि मार्कसुद्धा घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांनी लिहिलेला. तुमच्याकडे एवढ्या उशिराने आणि एकमेकांची नक्कल करून जबाब आले तर तुम्ही दावा पास करता?

बाकी शिष्य त्यासाठी मेले वगैरे सांगू नका. खोट्यासाठी लोक रोज मरतात.


दावा_नाकारला

नक्कल मान्य. म्हणून तीन जबाब मी धरत नाही. माझा भर पौलावर. करिंथकरांना पत्र लिहिलं तेव्हा पंचवीसेक वर्षंच झाली होती. त्यात तो नावं देतो, पेत्र, याकोब, आणि म्हणतो की पाचशेहून जास्त लोकांना तो दिसला, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत. म्हणजे जा आणि विचारा. बनाव करणारा माणूस साक्षीदारांकडे बोट दाखवत नाही. शिवाय पौल स्वतः विरुद्ध पार्टीचा, या लोकांना तुरुंगात टाकत फिरणारा. विरुद्ध पार्टीने दावा कबूल केला की आमच्याकडे फाइल वर जाते.

खोट्यासाठी लोक मरतात, खरं आहे. पण ते खोटं आहे हे माहीत नसताना. ज्याने स्वतः रचलं तो सहसा मरत नाही, पहिल्या दट्ट्यालाच फुटतो.


शंकासूर

पाचशे लोकांना दिसला हे सांगणाराही पौल एकटाच. पाचशे जबाब आणि पाचशे जबाब असल्याचा एक जबाब, यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. आणि भास सामूहिक होऊ शकतात. गणपती दूध प्यायला तेव्हा मुंबईत रांगा मी डोळ्यांनी पाहिल्यात, १९९५.


दावा_नाकारला

पहिला मुद्दा बिनतोड आहे, लिहून ठेवतो. दुसऱ्याचं असं, की दूध प्यायलेल्या गणपतीमुळे कुणाचं आयुष्य बदललं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे ऑफिसला. इथे बदललं, आणि घाबरून पळालेल्यांचंच बदललं. तो बदल कशाने झाला ते तुम्ही सांगा, मी वाचायला तयार आहे.


मालवणी_मसाला

एवढा वेळ दोघं भांडताय आणि एकदाही कुणी कुणाला "तुमच्या भावना दुखावल्या का" विचारलं नाही. बरं वाटलं. मॉरल सायन्सच्या तासाला हे चाललं असतं तर मी झोपले नसते. पप्पांना मात्र अजूनही सांगणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. समजा मी सगळं ऐकलं आणि नाही म्हणाले, तर माझं काय होतं तुमच्या मते? खरं सांगा. आणि जर काहीच होत नसेल, तर एवढा खटाटोप कशाला?


झोळीवाला

हा खरा प्रश्न. सेमिनरीत यावर रात्री जागायचो. व्हॅटिकन परिषदेनंतर बरेच फादर याच ठिकाणी गप्प झाले. सगळे तरूनच जाणार असतील तर सांगायचं कशाला?


गावठाणवाला

ताई, जमेल तसं सांगतो. त्याच परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजात दोन परिच्छेद जवळजवळ आहेत. सोळावा म्हणतो, ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. चौदावा म्हणतो, ख्रिस्तसभा आवश्यक आहे हे ज्याला कळलंय आणि तरी जो मुद्दाम आत येत नाही, त्याचं होऊ शकत नाही. म्हणजे प्रश्न तुम्ही नाही म्हणालात का हा नाही. तुम्हाला खरोखर पटलं होतं आणि तरी नाही म्हणालात का, हा आहे. ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार? मला तर नाहीच, आणि ते ठरवायचं काम माझ्याकडे नाही याचा मला आनंद आहे.

मग खटाटोप कशाला? नरकाची भीती घालून कुणी यावं असं मला वाटत नाही. तेही आमिषच झालं, फक्त उलट्या बाजूने. त्रावणकोरच्या दरबारातल्या नीलकंठ पिल्लैचं उदाहरण देतो. गुरं मेली, पिकं गेली, माणूस खचला. डच कप्तान डी लॅनॉय त्याच्या ओळखीचा. त्याने पैसे दिले असतील-नसतील, मला माहीत नाही. पण त्याने बायबलातल्या ईयोबाची गोष्ट सांगितली, निर्दोष माणसाचं सगळं जातं आणि तो देवाला जाब विचारतो ती. नीलकंठाला आपल्या प्रश्नाचं उत्तर कुठे शोधायचं ते कळलं. १७४५ ला बाप्तिस्मा, नाव देवसहायम. १७५२ ला गोळ्या घातल्या. २०२२ मध्ये संत झाला, भारतातला पहिला प्रापंचिक संत. डी लॅनॉयने "सगळे देव सारखेच" म्हणून खांद्यावर हात ठेवला असता तरी नीलकंठ कदाचित तरलाच असता. पण त्याला जे हवं होतं ते मिळालं नसतं.

माझ्या मते येशू खरोखर उठला असेल तर ती माहिती तुमच्यापासून लपवण्याचा मला हक्क नाही. तुम्ही तिचं काय करायचं हा तुमचा.


निळी_पहाट

ईयोब देवाला जाब विचारतो, पण शेवटी गप्प बसतो ना? आमच्याकडे दुःखाचं कारण सांगितलंय आणि उपायही. यावर बोला कधीतरी.


शंकासूर

गावठाणवाले, चौदावा-सोळावा परिच्छेद हा मला वकिली डाव वाटतो (कोर्टकचेरीताई, माफी). पण "हक्क नाही" हे शेवटचं पटण्यासारखं आहे. हे धाग्यात वर लिहिलं असतंत तर माझा आजीचा मुद्दा आलाच नसता. पुनरुत्थानावर वेगळा धागा काढा, इथे प्रतिसाद शोधायला त्रास होतोय. पाचशे साक्षीदारांवरून सुरू करू.


गावठाणवाला

काढतो. निळी_पहाट, ईयोबाचा प्रश्न त्यात घेतो, पण मला आधी वाचावं लागेल. या आठवड्यात जमणार नाही. मे महिना आहे, गावठाणात क्रॉसपुढे रोज संध्याकाळी लदीन (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना) असते आणि यंदा चणे वाटायची पाळी आमच्या घराची. मावसभावाला पण आयडी काढायला सांगितलाय.


मसाल्याची_बरणी

माझा मसाल्याचा प्रतिसाद नक्की कुठे हलवलाय? सापडत नाही.